पाण्याची बाहेरची वाट मीच बुजवली

आमच्या हॉलची खिडकी सलग दोन पावसाळे गळली. त्यातला दुसरा पावसाळा निव्वळ माझ्या कर्तबगारीमुळे. हे कबूल करायला मला बराच वेळ लागला, कारण मधल्या काळात खिडकी बसवणाऱ्यापासून प्लास्टर करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना नावं ठेवून झाली होती.

खिडकी साधीच. अ‍ॅल्युमिनियमची, सरकती, दोन पल्ल्यांची, पाच फूट रुंद. पहिल्या वर्षी खालच्या ट्रॅकमधून पाणी आतल्या कडेवरून ओसंडायचं आणि भिंतीवरून ओघळत सोफ्याच्या मागे जायचं. पाऊस संपल्यावर एका रविवारी मी सिलिकॉनची नळी आणि गन घेऊन बसलो. दिसेल ती फट बुजवली. चौकट आणि भिंतीमधली बुजवली, स्क्रूंची डोकी बुजवली. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला, अगदी तळाशी, दोन आडव्या खाचा होत्या. ग्रिलमधून हात घालून, मान वाकडी करून त्याही बुजवल्या आणि वर बोट फिरवून गुळगुळीत केल्या. 'एवढी भोकं ठेवल्यावर पाणी आत येणार नाही तर काय', असं तेव्हा मनात आलेलं लख्ख आठवतंय.

पुढच्या पावसाळ्यात दुप्पट पाणी आलं.

बाबांना निवृत्तीनंतर नोंदी ठेवायचा नाद लागलाय. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात सगळं असतं. तिथे त्यांनी खिडकीचीही जंत्री सुरू केली होती. 'पाऊस धो धो, वारा नाही. थोडं ओलं.' 'पाऊस बेताचा, वारा समोरून. पोतेरं चारदा पिळलं.' 'रात्रभर पाऊस, वारा मागून. कोरडं.' अशा पंधरा-वीस ओळी. मी त्या गमतीने वाचत होतो, तेव्हा ते म्हणाले, "अरे, पाऊस किती पडला याच्याशी हिला देणंघेणं नाही. वारा कुठून येतो ते बघ."

ते बघितल्यावर मग गणितच करून पाहिलं. ताशी ३६ किलोमीटरचा वारा खिडकीवर समोरून आदळला, तर त्याचा दाब सुमारे ६ मिलिमीटर उंचीचं पाणी उचलून धरायला पुरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरला जवळजवळ २४ मिलिमीटर. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी वारा एवढ्या उंचीपर्यंत आत रेटू शकतो. मी पट्टी घेऊन आमच्या ट्रॅकची आतली कड मोजली: २२ मिलिमीटर. म्हणजे एखादा दणकट झोत आला की खिडकीत काहीही बिघाड नसताना चमचाभर पाणी आत उडणार. एवढं मान्य. पण चारदा पोतेरं पिळण्याइतकं कशाला?

त्याचं उत्तर त्या दोन खाचांमध्ये होतं. सरकती खिडकी पाणी पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलीच नसते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पल्ला सरकायचा तर खाली-वर थोडी मोकळीक ठेवावीच लागते. कडेला जी लोकरीसारखी केसाळ पट्टी असते ती धूळ रोखते, पाणी नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी ट्रॅकमध्ये उतरणार हे धरूनच तळाला खाचा ठेवतात. झोत आला की पाण्याची पातळी चढते, झोत ओसरला की पाणी खाचेतून बाहेर पळतं. खाच बंद असेल तर ट्रॅक म्हणजे नुसती डोणी. आमच्या ट्रॅकमध्ये मावतं फार तर दोन-अडीच लिटर. एवढ्या काचेवर दीड मिलिमीटरभर पाऊस आपटला तरी ती काठोकाठ भरते. पुढचा प्रत्येक थेंब कुठे जायचं ते वाऱ्याला विचारतो, आणि वारा आतच ढकलत असतो.

तर पहिल्या वर्षी खाचा कचऱ्याने अर्ध्या बुजल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मी त्या पूर्ण बुजवल्या.

दुरुस्तीला एक सकाळ लागली. दोन्ही पल्ले वर उचलून, खालची बाजू आत ओढून काढले (दोघं लागतात, काच दिसते त्यापेक्षा जड असते). आधी कोरड्याने झाडलं. ओलं करून सुरुवात केली तर धुळीचा चिखल होतो आणि तोच परत खाचेत जाऊन बसतो. जुना टूथब्रश, वाकवलेली तार आणि व्हॅक्यूमची बारीक नळी. निघालं काय काय: मुंग्यांची वारुळासारखी माती, सुकलेले पंख, भिंत रंगवताना पडलेले रंगाचे पापुद्रे, आणि एका कोपऱ्यात कुंभारीण माशीचं चक्क तीन खोल्यांचं घर. ते फोडताना जरा वाईट वाटलं. सिलिकॉन सुरीने कापून, उरलेलं नखांनी खरवडून काढलं. गुळगुळीत केल्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला.

एक गोष्ट मी जवळजवळ विसरणार होतो. दोन पल्ल्यांच्या दोन वाटा असतात आणि त्यांच्यामध्ये एक उभी पट्टी. आतल्या वाटेतलं पाणी त्या पट्टीतल्या भोकातून बाहेरच्या वाटेत आणि तिथून बाहेरच्या खाचेतून खाली जातं. बाहेरची खाच मोकळी करून मी खुशीत पाणी ओतलं, तर आतली वाट तशीच तुडुंब. मधल्या पट्टीतलं भोक सिमेंटच्या एका खड्याने बंद होतं. तो निघाला तेव्हा पाणी गर्रकन फिरून गेलं. एक तांब्या पाणी ओतून ते किती वेळात जातं ते बघा, याहून सोपी परीक्षा नाही. आमच्याकडे आता मनात दहा मोजेपर्यंत संपतं.

बेडरूमच्या खिडकीचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. तिथे पाणी खालून नाही, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून ठिबकायचं. बाबांच्या नोंदीत ओळ होती: 'पाऊस सहाला सुरू, ठिबक आठला. पाऊस थांबला, ठिबक चालूच.' पावसाबरोबर लगेच गळत असेल तर खिडकी बघा. दोन तास उशिरा गळून पाऊस थांबल्यावरही थांबत नसेल तर भिंत बघा. भिंत आधी पाणी पिते, मग सोडते. आम्ही सुकलेल्या दिवशी बागेची नळी लावून पाहिलं. यात क्रम महत्त्वाचा: खालून वर. आधी फक्त खालची कड, दहा मिनिटं, मग बाजू, मग वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. मी आत टॉर्च घेऊन उभा, बायको बाजूच्या गच्चीतून नळी धरून. चौकट भिजवली, काही नाही. छज्जाच्या वरची भिंत भिजवली आणि पाऊण तासाने कोपरा ओला झाला.

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली होती. खिडकीसाठी भिंतीत मोकळी जागा सोडली की कोपऱ्यांवर ताण एकवटतो, त्यामुळे चिरा बहुधा तिथेच पडतात. शिवाय छज्जाच्या खालच्या बाजूला कडेने जी खाच हवी ती नव्हतीच. पाणी छज्जाच्या कडेवरून सरळ खाली पडत नाही, खालच्या पृष्ठभागाला चिकटून भिंतीकडे सरकतं. ती खाच त्याला तिथेच तोडून थेंब पाडायला लावते. बाहेरचं हे काम आम्ही झुल्यावर काम करणाऱ्या माणसाकडून करून घेतलं. मी चौथ्या मजल्यावरून वाकून करायची गोष्ट नव्हती ती, आणि तुम्हीही करू नका. त्याने चीर इंग्रजी व्हीसारखी रुंद करून लवचीक भरावाने भरली, आणि छज्जाखाली अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी लावली. आतून कितीही रंग आणि पुट्टी मारली असती तरी ओल मागेच राहिली असती, हे त्यानेच ठणकावून सांगितलं.

सिलिकॉनवर माझा आता राग नाही, फक्त त्याची जागा ठरली आहे: चौकट आणि भिंतीमध्ये, बाहेरून. जुनं पूर्ण काढूनच नवं भरायचं, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही. भिंत कोरडी हवी. आणि ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते प्लास्टरला, दगडाला वापरू नये. तिथे ते लवकर सुटतं. न्यूट्रल लिहिलेलं घ्यावं. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

तिसरी गळती तर हास्यास्पद होती. इंटरनेटच्या माणसाने वायरसाठी चौकटीशेजारी पाडलेलं भोक आतल्या बाजूला उतरतं होतं. वायरीवरून थेंब रांगेने घरात. वायर बाहेर थोडी सैल सोडून भोकाच्या खाली झोळ दिला, की थेंब त्या झोळावरूनच गळून जातात. पाच मिनिटांचं काम.

परवा रात्री समोरून वारा सुटला. मी दिवा लावून ट्रॅककडे बघत बसलो. पाणी बोटाच्या पेराएवढं चढलं, खाचेतून वारा घुसून त्यात बुडबुडे यायला लागले, गुडगुड असा आवाजही येत होता; झोत गेला की पातळी झरकन खाली. चार-सहा थेंब आत उडाले. सकाळी कॅलेंडरमागे ओळ होती: 'वारा समोरून, जोराचा. पोतेरं कोरडं. खिडकी बोलते.'