जीपखालचा पुठ्ठा

रविवार, रात्र

नखांतलं ऑइल निघता निघत नाही. साबणानं घासलं, मग आईनं चुलीतली राख दिली, तेव्हा कुठं थोडं गेलं.

दसऱ्यापासून जीप गळते आहे. जुनी गाडी, गळायचीच, असं सगळे म्हणतात. पण थेंबभर गळणं वेगळं आणि कापसाचा भाव पाहायला हिंगणघाटला जाऊन आलं की इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीच्या खालच्या खुणेशी येणं वेगळं. अंगणात आईनं सारवलेल्या जागी ताटाएवढा काळा डाग पडलाय. "शेण बसून नाई राह्यलं त्याच्यावर," हे रोज एकदा ऐकतो.

मिस्तरीनं आधी चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचं, पॅकिंग बदललं. आठ दिवस बरं गेलं. मग टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाचं, बदललं, वर लाल सिलिकॉनचा असा थर की कडेनं शेवया निघाव्यात. (बाहेर निघतं तेवढंच आतही निघतं, आणि त्याचा तुकडा ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतो. हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.) शेवटी म्हणाला, "मांगचं ऑइल सील गेलं भाऊ, गिअरबॉक्स उतरवा लागते." ऐन वेचणीत गाडी दोन दिवस उभी. क्लच प्लेट भिजली होती, तीही नवी टाकली. मजुरीचा आकडा इथं लिहीत नाही, बाबा हे वाचतात.

नवं सील पंधरा दिवसांत गळायला लागलं. मिस्तरीवर भयंकर चिडलो होतो. आज त्याच्यावरचा राग उतरला.

सकाळी डिझेल आणि ब्रशनं इंजिन धुतलं, उन्हात वाळू दिलं आणि टाल्कम पावडर वरपासून चेंबरपर्यंत उधळली. चालत्या गाडीत वारा ऑइल मागं ओढतो. ओलं दिसतं खाली, गळत असतं वर कुठंतरी. पावडरीवर ओघळ कुठून सुरू होतो तेवढं पाहायचं होतं. उभ्यावर वीस मिनिटं इंजिन चालवलं, सगळं कोरडं. मग यशोदा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो, तर एकदम तीन जागी ओलं: टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, पट्टीचं तोंड, बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाच्या, खालचं भोक. तिन्ही एकाच वेळी कशी जातील? आणि पट्टी तर बोटभर वर उचललेली.

इंजिन चालूच होतं. ऑइल टाकायचं झाकण सैल केलं तशी फुस्सकन वाफ निघाली, कुकरची शिटी उचलावी तशी. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस खाली उतरतोच, जुन्या इंजिनात जरा जास्त. तो बाहेर जायला टॅपेट कव्हरवरून ब्रीदरची रबरी नळी निघते, खाली चेसिसशी उघडी सोडलेली. ती वाट तुंबली की दाब सापडेल त्या फटीतून ऑइल ढकलतो. मग सील नवं का जुनं, सारखंच.

नळी काढून तोंडानं फुंकली. हवा जेमतेम जात होती. सायकलची तार घातली तर भुरभुर माती पडली, मग मातीचं कडक कवच आणि त्यात वाळके कोळी. कुंभारमाशी! पावसाळ्यात जीप दोन महिने गोठ्याच्या छपराखाली उभी होती, तेवढ्यात बाईनं घर बांधून पोरांच्या जेवणाचीही सोय लावली होती. माती पिवळसर होती, आमच्या शेतातली काळी नव्हे. विहिरीच्या मलब्यातली असावी.

बाबा कोळी बोटानं उलटे करून पाहत राहिले. "माशीनं आपल्याले किती हजारानं गंडवलं बे!"

नळीच्या तोंडाला जाळी बांधायचा मोह झाला, पण ऑइलच्या वाफेनं तीच चोंदेल. त्यापेक्षा दर दिवाळीला तार घालू.

संध्याकाळी पुन्हा पुलापर्यंत गेलो. टॅपेट कव्हर कोरडं, पट्टी जागेवर. आल्यावर जीपखाली पुठ्ठा अंथरला. आत्ता बॅटरी घेऊन पाहून आलो, रुपयाएवढा एक डाग आहे. बोटावर घेऊन हुंगला, कुजका, गंधकासारखा वास. गिअर ऑइल आहे. ते पुढच्या रविवारी.