चुकण्यातला नेम

अमळनेरहून समुद्र गाठायचा तर तापीच्या मागे मागे सुरतेपर्यंत जावं लागतं. त्यामुळे बातम्यांआधी रेडिओवर वाजणारे पीप-पीप असले ठोके मुळात बोटींच्या कामाचे, हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. आबांना ते भिंतीवरच्या घड्याळासाठी हवे असत. शेवटच्या ठोक्याला स्टुलावर उभं राहून मिनिटकाटा बोटाने सरकवायचा आणि ओट्यावरून कुणी "कितला वाजनात?" विचारलं की छाती फुगवून सांगायचं. अंगणात बिबड्या वाळत घालणारी आजी मात्र सावलीवर भरवसा ठेवी, आणि तिचे बारा आबांच्या बारानंतर वाजत. तिचंही खरंच होतं. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, अमळनेर पंचाहत्तरच्या आसपास. आपला सूर्य साधारण अर्धा तास उशिराच डोक्यावर येतो.

बोटीवर आबांची बोटं चालली नसती. तिथलं क्रोनोमीटर, म्हणजे बोटीवरचं अचूक घड्याळ, पेटीत, झुलत्या कड्यांवर बसवलेलं. बोट कितीही हिंदकळो, ते आडवंच राहतं. रोज ठरल्या वेळी किल्ली द्यायची, पण काट्यांना हात लावायचा नाही! रेडिओवर ठोका पडला की घड्याळ किती सेकंद पुढे किंवा मागे आहे, तेवढं वहीत मांडायचं. आज तीन मागे, उद्या साडेतीन, परवा चार. रोज अर्धा सेकंद मागे पडतंय हे एकदा कळलं की चार दिवस रेडिओ मुका झाला तरी खरी वेळ काढता येते. घड्याळ चुकेना का, नेमाने चुकावं. काटे सारखे सरकवत बसलं तर हा नेमच हाती लागत नाही.

एवढा जीव सेकंदांत अडकलेला, कारण आकाशातला सूर्य-तारा आणि घड्याळातली वेळ ताडूनच बोटीचे रेखांश काढतात, आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. चार सेकंद चुकले की विषुववृत्तावर बोटीची जागा एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, चुकते. पूर्वी बंदरातच काय ते घड्याळ तपासायचं. ग्रीनिचच्या वेधशाळेवर १८३३ पासून दुपारी एकला मोठा चेंडू खाली पडे, थेम्समधल्या बोटी तो बघत. बंदर सुटलं की ती सोय संपली. १९१० मध्ये आयफेल टॉवरवरून वेळेचे संकेत जाऊ लागले आणि भर समुद्रातही ठोका ऐकू येऊ लागला.

पुढे अणुघड्याळं आली, तेव्हा पृथ्वीच जरा अनियमित फिरते हे पुरतं उघडं पडलं. खलाशाला तर तिच्याच फिरण्याची वेळ हवी. म्हणून १९७२ पासून दोन्ही वेळांतला फरक ०.९ सेकंदाच्या आत ठेवतात, लागेल तेव्हा एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घालून. उरलेला फरक अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही केंद्र टिकटिकीतच सांगतं. मिनिटाच्या सुरुवातीला काही टिकटिकी जोडीने वाजतात. जितक्या जोड्या, तितके दशांश सेकंद. पहिल्या सेकंदापासून जोड्या आल्या तर रेडिओच्या वेळेत मिळवायचे, नवव्यापासून आल्या तर वजा करायचे.

आता एक दशांश सेकंद म्हणजे विषुववृत्तावर जेमतेम ४६ मीटर. हलत्या डेकवरून सेक्स्टंटने, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्राने, मैलभराच्या आत नेम लागला तरी माणूस खूश असतो. म्हणजे हा काटेकोरपणा थोडा अतिरेकीच, पण आबांना तो फार आवडला असता.