उजव्या हाताची कसोटी: पंक ड्रमिंगच्या सरावाची नोंद

आवडत्या पंक ड्रमरांची नावं घ्यायला बसलं की टॉपर हेडन, अर्ल हडसन, रॅट स्केबीज हे आधी आठवतात. कसबाचा विचार केला तर ते रास्तच आहे. पण सरावाला बसायचं तर सुरुवात टॉमी रमोनपासूनच करावी, आणि घाई न करता त्याच्यापाशी बराच काळ थांबावं. रमोन्स या अमेरिकन पंक बँडच्या पहिल्या तीन अल्बमांत (एक १९७६ चा, दोन १९७७ चे) त्याने जे वाजवलंय त्यातला कठीण भाग जवळपास सगळा उजव्या हातात आहे. (डावखुऱ्यांनी पुढे सगळीकडे उलट समजावं.)

टॉमी म्हणजे तामाश एर्देयी, जन्म बुडापेस्टचा, १९४९ चा. रमोन्समध्ये तो आला तो कारभार बघायला. ड्रमवरचा जोई पुढे गायला गेला, मग नवे ड्रमर तपासले गेले. सरळ, न थांबणारे आठ ठोके आणि त्यावर किक-स्नेअर (पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि समोरचा खणखणीत छोटा ड्रम) एवढं साधं कुणी वाजवेना, म्हणून शेवटी टॉमी स्वतःच स्टुलावर बसला. त्याच्या वाजवण्यात दाखवण्यासाठी म्हणून काही नाही, हे ऐकताना कायम लक्षात ठेवावं.

टप्पा पहिला: १७६ बीपीएम (मिनिटाला १७६ मात्रा)

‘ब्लिट्झक्रीग बॉप’ची लय साधारण १७५ च्या आसपास आहे. मेट्रोनोम १७६ वर लावला तर हाय-हॅटवर (पायाने मिटणारी दोन झांजांची जोडी) एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांत, आठ ठोके, म्हणजे मिनिटाला ३५२, सेकंदाला जवळपास सहा. हे सगळे एकाच हाताने. गाणं सव्वादोन मिनिटांहून थोडं कमी आहे, तरी उजव्या हाताचे पावणेआठशेच्या आसपास ठोके होतात. ताशा वाजवलेल्यांची मनगटं तयार असतात, पण तिथे काम दोन काड्यांत वाटलेलं असतं. इथे वाटणी नाही, त्यामुळे तयार हातालाही इथे पुन्हा सुरुवात करावी लागते.

सरावाचा साचा: हाय-हॅट सलग ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’, किक १ आणि ३ वर, स्नेअर २ आणि ४ वर. सुरुवात १२० ला करा. तीन मिनिटं सलग, एकही ठोका न गळता आणि खांदा न आखडता झालं की ४ ने वाढवा. एकदम १० ने वाढवलं तर हात नव्या लयीला ताकदीने गाठतो आणि तीच आखडलेली पकड पुढे सवय होऊन बसते.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण म्हणजे ठोक्यांच्या जोड्या पडणं. आकड्यावरचा ठोका जोरात, ‘आणि’वरचा हलका. असं झालं की ऐकणाऱ्याला आठ नाही, चारच ठोके जाणवतात आणि गाणं जड वाटू लागतं. कारण शरीराचं आहे: वेगात हात खाली येताना मारतो आणि परतीच्या उसळीवर पुढचा ठोका फुकटात काढतो. उपाय असा की १०० बीपीएमवर मुद्दाम उलटं वाजवावं, ‘आणि’ जोरात आणि आकडे हलके. ते सहज जमलं की सरळ वाजवताना दोन्ही ठोके आपोआप जवळ येतात. तपासायला फोनवर फक्त हाय-हॅट रेकॉर्ड करून ऐका. वाजवत असताना हा फरक कानाला कळत नाही.

दुसरी अडचण मिनिटाच्या आसपास येते: कोपराखालचा स्नायू जळायला लागतो. अंगठा आणि तर्जनीने स्टिक दाबून धरली की असं होतंच. पकड त्या दोघांतच ठेवा, पण दाब काढा. मागच्या तीन बोटांनी स्टिक हातात ओढायची आणि सोडायची. १५० पर्यंत मनगट पुरतं, १७० च्या पुढे बोटांचं काम वाढतं, आणि १९० नंतर फक्त मनगटावर कुणी फार वेळ टिकत नाही. दुखणं मनगटाच्या सांध्यात असेल तर मात्र तिथेच थांबायचं. स्नायूचा थकवा आणि सांध्याची कळ यात गल्लत करू नये.

तिसरी म्हणजे फिलनंतर (ठेका सोडून मधे घेतलेली छोटी सजावट) लय पळणं. फिल चारच ठोक्यांचा असला तरी परत येताना क्रॅशवर (मोठी झांज) हात लवकर पडतो. मेट्रोनोम अर्ध्या वेगावर, म्हणजे ८८ वर लावा आणि तो आवाज २ आणि ४ वर पकडा. चार बार साचा, एक बार फिल, पुन्हा चार बार. पळालेला फिल या मांडणीत लगेच उघडा पडतो, कारण स्नेअर आणि मेट्रोनोम एकत्र पडत नाहीत.

स्टुडिओतला वेग बसला की खरी परीक्षा १९७७ च्या ३१ डिसेंबरला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये रेकॉर्ड केलेल्या मैफलीची. २८ गाणी, ५४ मिनिटांच्या आत, आणि बहुतेक सगळी अल्बमपेक्षा वेगात. सबंध अल्बमला साथ करायचा हट्ट नको. सलग तीन गाणी, मधे विश्रांती न घेता, एवढंच धरा. गाण्यांमधली मोकळी जागा इतकी थोडी आहे की हात झटकायलाही वेळ मिळत नाही, आणि सरावाचा मुद्दा तोच आहे.

वाद्याची मांडणी

स्टिक ५बी घ्या. ५ए साधारण १४.४ मिलिमीटर जाडीची, ५बी १५ च्या थोडी वर. ही जाडी स्वतःच आवाज देते, त्यामुळे हाताला जोर कमी लावावा लागतो. हाय-हॅटच्या दोन झांजांमधलं अंतर पाय उचललेला असताना एक ते दीड सेंटिमीटर ठेवा आणि पाय इतकाच टेकवा की कडा एकमेकींना जेमतेम लागतील. स्टिकचं टोक वरच्या पृष्ठभागावर मारलं तर ठोके सुटे ऐकू येतात, स्टिकचा खांदा कडेवर मारला तर सगळं मिसळून खरखरीत भिंत तयार होते. सराव टोकाने करावा, कारण खरखरीत आवाजात कच्चे ठोके लपतात.

स्नेअरचं वरचं हेड (ड्रमचा पडदा) ताणून घ्या: आधी सगळे बोल्ट बोटांनी घट्ट, मग समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा-अर्धा फेरा. २ आणि ४ वर रिमशॉट हवा, म्हणजे स्टिक हेडला आणि कडेला एकाच क्षणी लागायला हवी. तो कधी लागतो, कधी निसटतो असं होत असेल तर स्नेअर दोन-तीन सेंटिमीटर खाली घेऊन पाहा. बहुतेकदा उंचीच चुकलेली असते. किकचं हेड सुरकुत्या जातील इतपत आणि वर पाव फेरा, आत उशी हेडला टेकलेली. किक पुढे सरकत असेल तर खाली जाड सतरंजी. क्रॅशच्या वरचा नट करकचून आवळू नका. झांज हलू शकली नाही की तडा जातो. आणि कानात प्लग, प्रत्येक वेळी.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातलं उजव्या हाताचं सगळं काम रबरी पॅडवर करता येतं. पॅड मात्र फार उसळणारा नको, नाहीतर खऱ्या हाय-हॅटवर बोटं कमी पडतात.

टप्पा दुसरा: डी-बीट

१९८० नंतर डिस्चार्ज या इंग्लिश बँडमुळे रूढ झालेला साचा, ‘डी’ त्यांच्याच नावातला. हाय-हॅट आठ, स्नेअर २ आणि ४ वर, आणि किक १, २ नंतरचा ‘आणि’, ३ नंतरचा ‘आणि’. तोंडाने म्हणायचं तर: धूं – टा धूं – धूं टा –. तीन किकमधली अंतरं मोजली तर ३, २, ३ अशी येतात, आणि हे डोक्यात बसलं की पाय आपोआप वळतो. नेहमीची गडबड अशी की थकल्यावर मधला किक सरकून ३ वर बसतो आणि साधा रॉक ठेका सुरू होतो. ३ वर पायाचं काहीच नाही, फक्त हाय-हॅट. म्हणून १०० बीपीएमवर ३ हा आकडा मोठ्याने म्हणत वाजवा. टाच उचललेली ठेवा आणि बीटर (किकच्या पेडलचा हातोडा) हेडवर दाबून धरू नका. मागे आलेला बीटर पुढच्या ठोक्याला तयार असतो.

बाकीचे, सध्या ऐकण्यात

रॅट स्केबीजसाठी द डॅम्डचं २२ ऑक्टोबर १९७६ चं पहिलं सिंगल पुरेसं आहे. इंग्लंडमधलं ते पहिलं पंक सिंगल, सेक्स पिस्टल्सच्याही महिनाभर आधीचं. सुरुवातीला टॉमवर (सेटमधले स्नेअर-किकखेरीजचे ड्रम) जो मारा आहे तो दोन्ही हातांचं वजन सारखं असल्याशिवाय उभा राहत नाही.

द स्लिट्स आणि पुढे द रेनकोट्समधली पाल्मोलिव्ह, म्हणजे स्पेनची पालोमा रोमेरो, फार कमी जण अभ्यासाला घेतात. तिचं बरंचसं वाजवणं टॉमवर फिरतं. हाय-हॅट बाजूला काढून, उजवा हात फ्लोअर टॉमवर ठेवून वरचाच साचा वाजवला की ठेका किती वेगळा होतो ते पाहण्यासारखं आहे. टॉमवर उसळी कमी मिळते, त्यामुळे तोच वेग हवा असेल तर लय २० ने उतरवून सुरुवात करावी.

ब्लॅक फ्लॅगच्या १९८१ च्या अल्बमवर ड्रमर रोबोच्या हातातल्या कड्यांचा खुळखुळाट ऐकू येतो. एकदा कानाला सापडला की तो हटत नाही.

अर्ल हडसनसाठी वेगळा व्यायाम. बॅड ब्रेन्स ही वॉशिंग्टनची मंडळी आधी जॅझ-फ्यूजन वाजवणारी, म्हणून हार्डकोरमधून (आणखी वेगवान पंक) रेगेत आणि परत जाताना त्यांची लय डळमळत नाही. मेट्रोनोम १५० वर. चार ठोक्यांचा बार, किक आणि क्रॉस-स्टिक (स्टिक स्नेअरवर आडवी टेकवून कडेवर मारलेला ठोका) दोन्ही फक्त ३ वर, हाय-हॅट हलका झुलता: आठ बार. मग न थांबता, त्याच मेट्रोनोमवर, किक प्रत्येक आकड्यावर आणि स्नेअर प्रत्येक ‘आणि’वर: आठ बार. वेगाकडे जाणं सोपं. परत रेगेत येताना हाय-हॅट सरळच राहतो, झुलत नाही, आणि पहिला किक सवयीने १ वर पडतो. म्हणून परतीचा पहिला बार फक्त हाय-हॅटवर वाजवून पाहावा.

टॉपर हेडन माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत परिपूर्ण. द क्लॅशच्या १९७९ च्या दुहेरी अल्बममधल्या १९ गाण्यांत रेगे, स्का, रॉकाबिली, सोल सगळं आहे आणि प्रत्येक ठिकाणी ठेका त्या प्रकाराचा अस्सल वाटतो. ‘रॉक द कास्बा’वर ड्रम, बास आणि पियानो तिन्ही त्याचेच. पण त्याच्याकडे थेट गेलं तर त्याच्या फिल्स उचलल्या जातात आणि खालचा सरळ ठेका राहून जातो.

सध्याची स्थिती: सरळ साचा १८४ वर तीन मिनिटं स्वच्छ, १९२ वर दुसऱ्या मिनिटात जोड्या पडायला लागतात. डी-बीट १५० वर पक्का, १६० वर मधला किक सरकतो. हडसनचा व्यायाम १५० वर जातो, परतीचा बार अजून कच्चा. पुढच्या नोंदीत बिल स्टीव्हन्सन, डिसेंडंट्सच्या १९८२ च्या अल्बमपासून, आणि १९२ च्या वरच्या बोटांच्या कामाची सविस्तर मांडणी.