बाटलीतच जंतू

जुलै महिना होता. भांडुपच्या एका बचतगटातल्या ताई आमच्या कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये हँडवॉशच्या चार बाटल्या घेऊन आल्या. प्रत्येकीत रिठा, कडुनिंब, तुळस आणि कोरफड. "केमिकलचा थेंब नाही हां, मॅडम," हे त्यांनी दोनदा सांगितलं. रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेसही छान येत होता.

आधी स्टॅफिलोकोकस या त्वचेवरच्या जंतूच्या प्लेटमध्ये खळगे पाडून त्यांत हँडवॉश घातला. भोवती जंतू न वाढलेली स्वच्छ वर्तुळं उमटली, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग बोटांची चाचणी. लोकलमधून उतरून आलेल्या विद्यार्थ्यांनी आधी बोटं अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, टेकवली, मग त्या हँडवॉशनं हात धुतले, वाळवले आणि दुसऱ्या प्लेटवर टेकवले. 37 अंशांवर 24 तास.

दुसऱ्या दिवशी प्लेट काढल्या आणि लेबलं उलटी तर लागली नाहीत ना, हे आधी पाहिलं. धुण्याआधी जंतूंच्या तुरळक पांढऱ्या-पिवळ्या वसाहती; धुतल्यावर मात्र पसरट, हिरवट थर. हात चोळल्यावर त्वचेतले जंतू कधी कधी वर येतात, पण ते हिरवे नसतात. प्लेट मुद्दाम हुंगायची नसते, तरी द्राक्षांसारखा गोडसर वास येतच होता. स्यूडोमोनस! पाण्यात वाढणारा, नाजूक प्रकृतीच्या माणसांना धोक्याचा जंतू. नुसत्या नळाच्या पाण्यानं धुतलेल्या हातांच्या प्लेटवर त्याचा मागमूस नव्हता. म्हणून थेट बाटल्यांतला थेंब अगारवर पसरवला. चारांपैकी तीन बाटल्यांत तोच जंतू निघाला.

ताईंना बोलावून कृती पुन्हा पहिल्यापासून विचारली. काढा चांगला उकळलेला. पण तो रात्रभर उघडा निवत ठेवलेला, आणि कोरफडीचा गर सकाळी कच्चाच घातलेला. पाणी आणि वनस्पतींतली साखर, जंतूंना आणखी काय हवं? मी म्हटलं, गर काढ्याबरोबरच उकळा, बाटल्या उकळत्या पाण्यातून काढा, आणि जंतू वाढू न देणारं सोडियम बेंझोएट घालावंच लागेल. तेही आंबटपणा पुरेसा असेल तरच काम करतं, म्हणून सायट्रिक ॲसिडही.

"म्हणजे केमिकलच की," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम उठल्या. "एक बाटली भावजयीकडे दिलीय, मॅडम. महिन्याचं बाळ आहे तिथं."

लॅबच्या दारातूनच त्यांनी फोन लावला.