उंदरांच्या लेंड्या आणि फसवा हिरवा रंग

"पीएचडीला हे करतेस?" मी उंदरांच्या लेंड्या वेचते हे कळल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आई हसून हसून बेजार झाली. पण कोलेस्टेरॉलचा चार कड्यांचा सांगाडा शरीराला मोडता येत नाही. यकृत त्यातलं काही पित्ताम्लांत बदलतं, काही तसंच पित्तात सोडतं, आणि बाहेर पडायचं ते मुख्यतः विष्ठेतून. मग कोणत्या तेला-तुपावर किती बाहेर पडतं, हा हिशेब तिथेच मांडायला हवा ना!

एथिक्स कमिटीची परवानगी आल्यावर उंदरांचे तीन गट केले : तूप, खोबरेल, सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल). बाकी खाणं सारखंच. पिंजऱ्याला जाळीचा तळ, कारण उंदीर स्वतःची लेंडी खातो. जाळी असली तरी खाली पडायच्या आत तोंडानं उचलतोच, म्हणजे हिशेबाला पहिल्यापासून गळती. रोज सकाळी चिमट्यानं लेंड्या आणि सांडलेलं खाद्य वेगळं करायचं, लेंड्या वाळवायच्या, कुटायच्या. वासाबद्दल लिहीत नाही.

मग अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळून, हेक्झेन या द्रावकात ओढून घेऊन लीबरमान-बुर्खार्ड चाचणी, म्हणजे कोलेस्टेरॉल असलं की हिरवा रंग. सिंगतेलाच्या नळ्या अशा गर्द हिरव्या झाल्या की मी नाचायचीच बाकी होते. माझ्या गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "तेलातलं सिटोस्टेरॉल कुठे गेलं?"

कुठे जाणार? सिटोस्टेरॉलसारखे वनस्पतींचे स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलचे भाऊबंद, आतड्यात फारसे शोषले जात नाहीत, ते लेंडीत उतरतात आणि या चाचणीत कोलेस्टेरॉलसारखाच हिरवा रंग देतात. उलट आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून जे कोप्रोस्टॅनॉल बनवतात, त्यात दुहेरी बंध नसतो, त्यामुळे त्याचा रंगच येत नाही. नको ते मोजलं होतं, हवं ते निसटलं होतं. शिवाय तुपात मुळातच कोलेस्टेरॉल असतं. खाल्लेलं वजा करायचं राहिलंय, हे मी आपणहून कबूल करून टाकलं.

सगळे नमुने पुन्हा, या वेळी मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीवर. कोलेस्टेरॉल, सिटोस्टेरॉल, कोप्रोस्टॅनॉल या तिन्हींची आलेखातली शिखरं वेगवेगळी आली आणि सिंगतेलाचा विक्रम बराचसा सिटोस्टेरॉलचा निघाला. गटांमध्ये फरक उरला, पण थोडकाच. पित्ताम्लांचं मोजमाप वेगळं, ते अजून चालू आहे.

"मग यंदा तेलाचा डबा कसला भरू?" आईनं विचारलं. प्रयोगातल्या या मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशय नसतं, कोलेस्टेरॉलची पित्ताम्लं तो आपल्यापेक्षा सहज बनवतो, असं बरंच सांगायला गेले. तोवर तिनं दुकानदाराला फोन लावला होता. सिंगतेलच, 15 किलोचा डबा.