महालाच्या मागीलदारी

फोनमधली जागा संपली म्हणून काल दुपारी जेवणं झाल्यावर फोटो पुसायला बसले. फ्रान्सच्या सहलीतल्या एकाच दिवसाचे दोनशेच्या वर फोटो निघाले, आणि त्यातले छत्तीस कोबीचे. मोजले मी. जांभळा कोबी, हिरवा कोबी, निळसर पानांचा कोबी, पानावर पाण्याचा थेंब असलेला कोबी. ज्या महालापुढे तो लावलेला होता त्याचा फोटो एकच, तोही बुरूज अर्धा कापलेला. लेकीला कळवलं, तर तिचा निरोप आला, "आई, तू एवढ्या लांब मंडई बघायला आली होतीस का?"

खरं सांगायचं तर, हो.

लेक तिथल्या तूर नावाच्या शहरात शिकते. ल्वार नदीचं खोरं ते, तिथे राजेरजवाड्यांचे शातो गावागावाला. किल्ला म्हणावं तर लढाईचा पत्ता नाही, वाडा म्हणावं तर आवाका फार. मी आपलं महाल म्हणते. एका दिवसात दोन बघायचे ठरले, सकाळी शेनोन्सो आणि दुपारी व्हिलांद्री. डबा मी घेतला होता. दशम्या आणि लसणीची चटणी.

शेनोन्सोचा महाल अख्खा नदीवर उभा आहे. नदीचं नाव शेर. आधी महाल, मग त्याला पूल, मग पुलावर साठ मीटर लांबीचं दालन. यातला पूल एका बाईचा आणि दालन दुसरीचं. दुसऱ्या हेन्री राजाने हा महाल दिला दियान द प्वातिएला. ती त्याची लग्नाची नव्हे, आणि त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठी. पुढे 1559 साली भाल्यांच्या खेळात राजाच्या डोळ्यात भाल्याची कपची घुसली आणि तो गेला. लग्नाची राणी कॅथरीन द मेदिची. तिने दियानला शेनोन्सो सोडायला लावलं आणि बदल्यात शोमोंचा महाल दिला. म्हणजे घराबाहेर काढलं, पण रस्त्यावर नाही. दियानच्या शयनघरात आज कॅथरीनचंच चित्र टांगलेलं आहे. बाहेर दोघींच्या नावाच्या दोन बागा आहेत, महालाच्या दोन अंगांना, मध्ये अंतर राखून. मोठी बाग दियानची. हे बघून मला उगाच कॅथरीनबद्दल वाईट वाटलं. सवतीची बाग मोठी, आणि तीही रोज खिडकीतून दिसणार!

पण माझं लक्ष सगळं स्वयंपाकघराकडे. ही माझी जुनी खोड. शनिवारवाड्यात जोती तेवढी उरली आहेत, तरी तिथेसुद्धा मुदपाकखाना कुठे असेल ते शोधत हिंडले होते. शेनोन्सोचं स्वयंपाकघर खाली, नदीत उभ्या असलेल्या जाडजूड खांबांच्या पोटात आहे. होडी थेट धक्क्याला लागायची आणि भाजी-धान्य तिथूनच आत यायचं. भिंतीवर तांब्याची पातेली ओळीने लावलेली. एवढ्या पातेल्यांना कल्हई करायला माणूस किती दिवस बसत असेल, या हिशेबात मी वरचं दालन निम्मं विसरले. ते दालन पहिल्या महायुद्धात इस्पितळ होतं. दुसऱ्या महायुद्धात तर जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स नदीच्या एका तीरावर आणि ताब्यात नसलेला दुसऱ्या, त्यामुळे दालनाच्या या दारातून शिरून त्या दारातून निघालं की माणूस सुटला. लेक हे मन लावून सांगत होती. मी हूं हूं करत होते.

दुपारी व्हिलांद्री.

तिथे आधी गच्चीवर नेतात. खाली बघितलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, पैठणीचे काठ पसरलेत. नऊ मोठे चौकोन, प्रत्येकाची नक्षी निराळी, सगळ्याला गुडघ्याच्याही खाली कातरलेलं बॉक्सवूडचं कुंपण. आपण मेंदीचं कुंपण म्हणतो तसलं. रंग भरायला फुलं असतील म्हणून खाली उतरले, तर जांभळा म्हणजे कोबी, लाल म्हणजे बिटाच्या जातीची पालेभाजी, निळा म्हणजे लीक, आपल्या कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. राजाच्या खजिनदाराने सोळाव्या शतकात बांधलेल्या महालापुढे, अगदी दर्शनी, भाजीचे वाफे.

ही बाग मात्र त्या खजिनदाराने ठेवलेली तशीच नाही. 1906 साली जोआकिम कार्वालो नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने हा महाल घेतला. बायको अमेरिकेची, पैसा तिच्या माहेरचा. तेव्हा इथे इंग्रजी धर्तीचं मोकळं उद्यान होतं. त्याने ते मोडलं, संशोधन सोडलं आणि जुनी चित्रं, जुने आराखडे धुंडाळून ही चौकोनांची बाग पुन्हा मांडली. डॉक्टरकी सोडून कोबी लावणारा जावई! सासरच्यांचं काय झालं असेल, देव जाणे.

वरच्या अंगाला प्रेमाची बाग आहे. कातरलेल्या झुडपांतून चार प्रकारचं प्रेम काढलंय. कोवळ्या प्रेमाला बदाम, उत्कट प्रेमाला भंगलेले बदाम, चंचल प्रेमाला पंखे आणि शिंगं, आणि चौथ्याला सुऱ्या-तलवारींची पाती. आपल्याकडे असती तर पाचवा चौकोन सासूबाईंचा निघाला असता. लोक फोटो काढत होते. मी पुन्हा खाली, भाजीत.

एक कोबी असा भरला होता की हात शिवशिवले. गड्डा घट्ट, पानं आवळलेली, दोन दिवसांत उतरवलाच पाहिजे. पण उतरवला की नक्षीला भोक. मग हा खातं कोण आणि कधी? तिथल्या माळीदादांना लेकीमार्फत विचारायचं होतं, पण लेक म्हणाली, "आई, प्लीज." दोरी लावून रोपांची रांग सरळ करत होते ते. मान जमिनीला समांतर आणि एक डोळा मिटलेला.

तो मिटलेला डोळा बघितला आणि मी राजापूरजवळच्या आमच्या घराच्या मागीलदारी जाऊन उभी राहिले.

आजीच्या मागीलदारी नक्षी कुठली! न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी, गोठ्याच्या कौलांवर चढलेला भोपळा, मिरच्या वाटेल तिथे. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही आणि पहिलं फळ शेजारी द्यायचं, एवढे दोन नियम. पण पडवळाच्या मांडवाखाली मात्र आजीचा कारभार वेगळा. करंगळीएवढं पडवळ लोंबायला लागलं की त्याच्या टोकाला ती सुंभाने दगड बांधायची. दगड पऱ्ह्यातले, गुळगुळीत, मी आणायचे. फार जड असला तर पडवळ तुटेल आणि हलका असला तर वळेल, म्हणून ती तो आधी तळहातावर झेलून बघायची. नापसंत झाला तर माझ्या हातात परत. मग बांधायची, दोन पावलं मागे व्हायची आणि एक डोळा मिटून बघायची.

"पडवळ सरळच कशाला हवं गं, आजी?"

"वाकडं चिरताना विळीवर नाचतं, मेलं."

कारण एवढंच. नाहीतर आजीचं स्वतःचं सगळं वाकडंच असायचं, कुंकूसुद्धा.

संध्याकाळी तूरमधल्या दुकानातून कोबी आणला. हरभऱ्याची डाळ भिजवायला वेळ नव्हता, तशीच भाजी केली. लेक म्हणाली, मीठ कमी आहे.

काल शेवटी छत्तीसपैकी तीस पुसले. पुसताना आठवलं ते भलतंच. आजी भाद्रपदात गेली. मांडवाला तेव्हा तीन पडवळं होती, दगड बांधलेली. माणसं येत-जात होती, मागीलदारी कुणी फिरकलं नाही. तेराव्यानंतर मी गेले, तर दगड जमिनीला टेकले होते, आणि वर पडवळं वळायला लागली होती.