मानेवरचा तो काळा पट्टा मळ नव्हे

जाड मुलाच्या मानेवरचा मखमली काळपटपणा घासून जात नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती बहुधा खूण असते. वजनकाट्याआधी टेप घ्या: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. १५० सेंमी उंचीला घेर ७५ च्या वर गेला, तर रक्त तपासून घ्या. ८ तास उपाशीपोटी साखर १०० ते १२५ (मिग्रॅ/डेसिली) म्हणजे मधुमेहाची वेस. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ५.७ ते ६.४ टक्के आली तरी तेच सांगते. मात्र लोह कमी असलेल्या मुलींत हा आकडा उगाच चढा दिसू शकतो.

भात पूर्ण तोडू नका, टिकत नाही. एक वाटी कमी करून कुळथाचं पिठलं, बांगडा वाढा. कोकम सरबत मात्र फसवं, त्यात साखरेचा पाक असतो! त्याऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, पाण्यात घालून द्या. आगळात मीठ असतंच, वरून नको.